रविवारी पोरांना गुऱ्हाळ दाखवून पन्हाळा: एका दिवसात बसतं का?

दोन_पोरांची_आई

जानेवारीतल्या तिसऱ्या नाहीतर चौथ्या रविवारचा बेत चाललाय. माणसं पाच: आम्ही दोघं, थोरला ९ वर्षांचा, धाकटी ४ वर्षांची आणि सासूबाई. त्यांचं वय ६८, गुडघे दुखतात. पायऱ्या नको म्हणतात, पण घरी बसायलाही तयार नाहीत. गाडी लहान आहे, निघायचं राजारामपुरीतून.

थोरल्याला शाळेत "उसापासून गूळ" असा प्रकल्प दिलाय. नेटवरची चित्रं चिकटवण्यापेक्षा चालू गुऱ्हाळ दाखवावं असं वाटतं. आणि त्याच रस्त्याला लागलोच आहोत तर पुढं पन्हाळाही करून यावं, असा घरचा ठराव. संध्याकाळी अंधार पडायच्या आत परत यायचंय, सोमवारी शाळा आहे.

विचारायचं असं. आधी गुऱ्हाळ की आधी गड? गुऱ्हाळात किती वाजता गेलं म्हणजे नुसती धुरकांडी न दिसता काहीतरी घडताना दिसेल? चार वर्षांच्या पोरीला तिथं नेणं बरं का? गडावर सासूबाईंना न दमवता काय दाखवता येईल? शिवाय धाकटीला वळणांवर उलटी होते, त्याचं काय करायचं तेही सांगा. गूळ-काकवी घ्यायची झाली तर काय बघून घ्यावी?

चिपाड_आणि_धूर

ताई, बसतं. फक्त क्रम उलटा करू नका. आधी गुऱ्हाळ, मग गड. गड दुपारीही तिथंच असतो, काहिल (रस आटवायची मोठी कढई) कुणासाठी थांबत नाही.

गुऱ्हाळ पहाटे अंधारातच पेटतं. काहिलीत रस चढवल्यापासून गूळ उतरेपर्यंतच्या एका फेरीला आधण म्हणतात. एका आधणाला अडीच ते तीन तास लागतात आणि दिवसाला चार-पाच आधणं निघतात. म्हणून "किती वाजता" याचं उत्तर गुऱ्हाळागणिक बदलतं. आदल्या संध्याकाळी फोन करून एवढंच विचारा: सकाळचं दुसरं आधण कधी चढतंय? बहुतेक ठिकाणी ते सात-साडेसातच्या आसपास असतं. आधण चढल्यावर तासाभरानं पोचलात तर मळी निघताना, काकवी होताना आणि गूळ उतरताना असं सगळं दोन तासांत दिसतं. आधण चढतानाच गेलात तर पहिला तास नुसता रस तापत असतो आणि चार वर्षांचं पोर तेवढ्यात वैतागतं.

आता थोरल्याच्या वहीसाठी. ऊस तोडल्यापासून बारा तासांच्या आत गाळला पाहिजे, नाहीतर उसातली साखर मोडायला लागते आणि गूळ नीट बसत नाही. घाण्यातून १०० किलो उसाला ६० ते ६५ किलो रस निघतो, उरतं ते चिपाड. ते वाळवून त्याच चुलाणात घालतात, म्हणजे आजच्या उसाचं चिपाड पुढच्या आधणांचं जळण. विकतचं लाकूड लागत नाही. ही गोष्ट पोरांना फार आवडते, मुद्दाम दाखवा. चुलाणाच्या तोंडाशी बसून चिपाड सारणारा तो जळव्या. काहिलीवर उभा राहून सगळा निर्णय घेणारा तो गुळव्या. गुळाची सगळी प्रत त्याच्या नजरेवर.

रस मांदणात (साठवायच्या टाकीत) निवळून काहिलीत येतो, साधारण हजार लिटरच्या आसपास. कच्चा रस किंचित आंबटसर असतो, तो मारायला चुन्याची निवळी घालतात. रस तापला की भेंडीची झाडं ठेचून पाण्यात चोळलेला बुळबुळीत रस ओततात. त्या चिकटपणाला रसातला गाळ धरतो आणि फेसाबरोबर वर येतो. हीच मळी. ती झाऱ्यानं काढली जाते तेव्हा खालचा मळकट हिरवा रस हळूहळू सोनेरी दिसायला लागतो. मळी नीट निघाली नाही तर गूळ काळपट होतो आणि टिकतही नाही, म्हणून या वेळी कुणी गुळव्याशी गप्पा मारू नयेत.

पुढं नुसती उकळी. फेस उतू जायला आला की दोन थेंब तेल टाकतात आणि फेस खाली बसतो. तापमान १०५-१०६ अंश सेल्सिअसला गेलं की काकवी, म्हणजे पातळ गूळ. तिथं थांबून काढून घेतली तर काकवी, पुढं आटवलं तर ११८ अंशाच्या सुमाराला गूळ. पूर्वी थर्मामीटर कुठला! पाक थंड पाण्यात टाकून गोळी वळते का ते बघायचं, आणि ती गोळी भांड्यावर मारून आवाज ऐकायचा. अजूनही बरेच जण तेच करतात. मग काहिल चुलाणावरून ओढून पाक वाफ्यात (निववायच्या उथळ हौदात) ओततात, ढवळून निववतात आणि फडकं अंथरलेल्या साच्यात भरतात. बाहेर पडतो तो रवा. १०० किलो उसाला ११-१२ किलो गूळ पडतो.

थोरल्याच्या हातात घड्याळ आणि वही द्या. दर पंधरा मिनिटांनी वेळ, रसाचा रंग आणि बुडबुड्याचा आकार लिहायला सांगा. सुरुवातीला बारीक फेस असतो, शेवटी मोठे, जड, फुटताना "बदक बदक" आवाज करणारे बुडबुडे येतात. प्रकल्पाला चित्रं चिकटवायची गरज पडणार नाही.

वडणगे_फाटा

जागेबद्दल. शिवाजी पूल ओलांडला की डावीकडं चिखली-आंबेवाडी, उजवीकडं वडणगे-निगवे, पुढं केर्ली. हा सगळा पंचगंगाकाठचा ऊस. पन्हाळ्याच्या वाटेवरच आहे, वाकडं जावं लागत नाही. मात्र पूर्वीसारखी पावलोपावली गुऱ्हाळं राहिली नाहीत. मजूर मिळत नाही आणि ऊस कारखान्याला घालणं सोपं पडतं, म्हणून कितीतरी बंद पडली. त्यामुळं "दिसेल तिथं थांबू" असं म्हणून निघू नका. ओळखीनं एक गाठा, त्याला शनिवारी संध्याकाळी फोन करा. ऊसतोड झाली नसेल किंवा घाणा बिघडला असेल तर रविवारी चुलाण थंडच असतं.

धुराडं बघून थांबायची वेळ आलीच तर गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित लावा, ट्रॉली वळायच्या जागेत नको. आत शिरण्याआधी मालकाला विचारा. माणसं कामात असतात. निघताना दोन किलो गूळ घेतला की त्यांनाही बरं वाटतं.

पदर_खोचून

धाकटीला नेता येईल, पण एका मोठ्या माणसाचं दुसरं काहीच काम नको. तिचा हात धरायचा, बस. फोटो काढणारा आणि पोरगी सांभाळणारा माणूस वेगवेगळा ठेवा.

सगळे काहिलीला घाबरतात. काहिलीची वाफ आणि आच लांबूनच लागते, पोरं आपसूक मागं सरतात. खरी भीती वाफ्याची. तो जमिनीलगत असतो, पाक ओतल्यावर वर साय धरल्यागत दिसतो आणि पोराला वाटतं निवला. आत तो शंभराच्या वर असतो आणि कातडीला चिकटून बसतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. वाफ्यापासून मोठ्या माणसाच्या चार पावलांवर उभं राहायचं. थोरल्याला हे आधी घरी सांगून ठेवा, कारण चाखायला बोट घालण्याचं वय त्याचंच.

दुसरी जागा घाण्याचा पट्टा. ओढणी, पदर, मफलर, लांब वेणी, सगळं बांधून. सासूबाई नऊवारी नेसत असतील तर पदर खोचून घेऊ दे. ऊस सारणाऱ्या माणसाच्या शेजारी पोराला "तू पण एक कांडं घाल" म्हणून उभं करू नका, फोटो कितीही छान येत असला तरी.

वाळत घातलेल्या चिपाडाच्या ढिगावर उड्या मारायला पोरांना अनावर ओढ असते. आत विंचू, साप असू शकतात आणि चिपाडाच्या कडा हाताला कापतात. पायात बूट, अंगात पूर्ण पँट. सपाता नकोत. रसावर मधमाश्या घोंघावत असतात, हात झटकले नाहीत तर काही करत नाहीत. अंगाला अत्तर किंवा वासाचा पावडर नको.

भाजलंच तर वाहतं गार पाणी, वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस, दोन नव्हे. चिकटलेला पाक ओढून काढायचा नाही, तो पाण्यानं विरघळतो. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यातलं काहीही लावू नका. नंतर ओलं स्वच्छ फडकं झाकून दवाखाना. गेल्या गेल्या पाण्याचा नळ किंवा हौद कुठं आहे तेवढं बघून ठेवा.

सासूबाईंसाठी खुर्ची मागितली तर कुणी नाही म्हणणार नाही. वारा बघून धुराच्या उलट बाजूला ठेवा. कुणाला दमा असेल तर अर्ध्या तासाच्या वर थांबू नका.

पायताण

गडाचं बघू. अकरापर्यंत गुऱ्हाळातून निघालात तर वाघबीळमार्गे साडेअकरा-पावणेबाराला वर. पन्हाळ्याला फायदा असा की गाडी थेट गडात जाते आणि बघायच्या जागांच्या जवळपर्यंत रस्ता आहे. वर जाताना नाक्यावर प्रवासी कर भरावा लागतो, सुटे पैसे ठेवा.

पाच जणांच्या या मेळ्याला तीन जागा पुरेत. चौथी धरली की चिडचिड.

पहिली, अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्यकोठारं. गंगा सगळ्यांत मोठी. आत गारवा असतो आणि आवाज घुमतो. धाकटीला हाक मारायला सांगा, ती अर्धा तास तिथंच रमेल. जमीन बरीचशी सपाट आहे, सासूबाईंना दारापर्यंत येता येतं. थोरल्याला एक हिशोब द्या: वेढा पडला तर एवढं धान्य किती माणसांना किती दिवस पुरेल? १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिन्यांच्या वर चालला, मग त्या जाड भिंतींचा अर्थ कळतो.

दुसरी, तीन दरवाजा आणि लगतची अंधार बाव (विहीर). दरवाज्यावरचं कोरीव काम सासूबाईंना खालूनही दिसतं. अंधार बाव तीन मजली आहे, तळाशी पाणी. पायऱ्या उंच आणि आत अंधार, म्हणून तिथं थोरला आणि बाबा. बाकीच्यांनी वर सावलीत बसायचं. मोबाईलच्या उजेडापेक्षा लहान बॅटरी बरी, एक हात मोकळा राहतो.

तिसरी, सज्जा कोठी. वरून सगळा मुलूख दिसतो. पण खाली सरळ कडा आहे आणि वारं जोरात असतं. धाकटीला कडेवर किंवा हाताला धरूनच, आणि कठड्यावर बसवून फोटो काढणं अजिबात नको. टोपी उडते, गळ्याखाली नाडी असलेली आणा.

वेळ उरला तर तबक उद्यानात झाडाखाली अंग टाका. नाही उरला तर सोडून द्या. शिवा काशीद आणि बाजीप्रभूंचे पुतळे गाडीतून येता-जाता दिसतात. जुलै १६६० च्या रात्रीची गोष्ट तिथं सांगितली की पोरं गप्प बसून ऐकतात. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले आले त्यात पन्हाळा आहे, प्रकल्पाच्या शेवटच्या पानाला ही ओळ चालेल.

जेवण गडावरच करायचं तर झुणका-भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही मिळतं. पोरांसाठी ठेचा वेगळा ठेवायला आधीच सांगा, नाहीतर भाकरीवरच थापून येतो. वानरं आहेत. हातात पिशवी दिसली की येतात. खाऊ गाडीत, काचा बंद.

तीनला खाली उतरायला लागा. यात सवलत नाही. हंगाम चालू आहे, उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा असेल याची खात्री नाही आणि ऊस बाहेर आलेला असतो. उजेडात त्यांच्या मागं जाणं नुसतं कंटाळवाणं, अंधारात धोक्याचं.

खाऊचा_डबा

उलटीचं पायताणदादांनी सोडलं, ते मी घेते. केर्लीपर्यंत रस्ता सरळच, वळणं वाघबिळानंतर. गुऱ्हाळात पोटभर ताजा रस, वर दोन ढेकळं गरम गूळ, आणि लगेच घाट चढला तर उलटी होणारच. धाकटीला रस चहाच्या अर्ध्या कपाएवढा, गूळ बोराएवढा. मग अर्धा तास काही नाही. रस काढल्याबरोबर प्या. हवा लागली की तो काळा पडायला लागतो आणि थोड्या वेळात आंबतो. घाणा धुतलेला नसेल तर नाही प्यायला तरी चालतं, गूळ उकळून आलेला असतो.

सकाळी निघताना मिसळ नको. मला माहीत आहे, कोल्हापुरात रविवारी हे सांगणं म्हणजे पाप. पण कट आणि घाट एकाच पोटात मावत नाहीत. पोरांना गुरगुट्या भात नाहीतर तूप लावलेली चपाती द्या.

धाकटी खाली बसते आणि तिला समोरचा रस्ता दिसत नाही, त्यामुळं मळमळ वाढते. मागच्या सीटवर मधे, खाली उशी किंवा बूस्टर सीट घालून, समोर बघता येईल असं बसवा. मोबाईल बंद, काच दोन बोटं खाली, गाडीत सुगंधी डबी असेल तर घरी काढून ठेवा. जांभया यायला लागल्या, तोंडाला पाणी सुटलं, बडबड थांबली की ओळखा आणि गाडी बाजूला घ्या. उलटीसाठी पिशव्या दोन, एकात एक घालून. ओला रुमाल, एक जादा फ्रॉक. औषध द्यायचंच तर तिच्या डॉक्टरांना वजन सांगून आधी विचारा.

डब्याला दशमी न्या. दीड वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, चिमूटभर मीठ, आणि पाणी अजिबात नाही. कोमट दुधात मळायचं, पाऊण ते एक वाटी दूध लागतं. गार दुधात मळलं तर थापताना कडा फाटतात. सहा-सात होतात. तव्यावरून काढून लगेच डब्यात भरल्या तर वाफ धरून चिकट होतात आणि दुपारपर्यंत आंबूस वास येतो. फडक्यावर पूर्ण निवू द्या, मग भरा. सोबत शेंगदाण्याची चटणी, आणि सकाळी घेतलेली काकवी आहेच.

दोन_पोरांची_आई

सगळ्यांचे आभार. वाफ्याचं कुणीच सांगितलं नव्हतं, आम्ही काहिलीचाच विचार करत होतो. मिसळ रद्द, घरात निषेध नोंदवला गेलाय.

आता दोनच. गूळ आणि काकवी किती आणि कशी घ्यावी? आणि थोरला म्हणतो घरी गॅसवर थोडा गूळ करून बघायचा. गुऱ्हाळातून दोन लिटर रस आणला तर होईल का?

रवा_आणि_काकवी

गूळ बघताना रंगाला भुलू नका. नुसता चुना-भेंडीवर केलेला गूळ तांबूस-तपकिरी असतो. लोणकढ्या तुपासारखा पिवळाधमक, चकाकणारा दिसला की हायड्रॉस (रंग उजळवायचं रसायन) घातल्याची शंका घ्यायची. आटवताना ते टाकलं की रंग उजळतो. तो रंगही फार दिवस टिकत नाही, काही आठवड्यांत गूळ पुन्हा काळपट होतो. ढेकूळ फोडून आतला कण बघा. साखरेसारखे टोकदार चमकणारे खडे दिसले तर वरून साखर मिसळली असेल. चव खारट लागली तर गुळव्याला दोष देऊ नका, चोपण (खारवट) जमिनीतला ऊस असला की गूळ खारट येतो. घरी एक खडा पाण्यात विरघळवा: तळाला थोडा गाळ चालतो, पांढरी भुकटी बसली तर तो गूळ परत घेऊ नका.

पाच माणसांना महिन्याला दीड-दोन किलो धरून हिशोब करा आणि मेपर्यंतचाच घ्या. आपल्याकडच्या पावसाळी हवेत मोठा रवा सुटतो. एक किलोचे रवे घ्या, दहा किलोचा फोडत बसणं हा वेगळा उद्योग आहे. त्या दिवशीचा गूळ आतून कोमट असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत दिवसभर ठेवला की घाम धरतो आणि पुढं बुरशी येते. कागदात गुंडाळून आणा, घरी एक दिवस जाळीखाली उघडा ठेवा, मग कोरड्या डब्यात भरा.

काकवीला काचेची बाटली घरून न्या, आतून कोरडीठाक. पाण्याचा थेंब राहिला तर वरच्या थराला फेस येतो, तीच आंबायची सुरुवात. काकवी जड असते, एक लिटर म्हणजे साधारण १,३५० ते १,४०० ग्रॅम. म्हणून भाव किलोचा की लिटरचा ते विचारून घ्या. काही दिवसांनी तळाला खडे धरले तर खराब झाली असं समजू नका, साखर बसलेली असते. बाटली कोमट पाण्यात ठेवा, विरघळते. आणि काकवी गरम भाकरीवर तूप घालून द्या, गार चपातीवर ती नुसती ओघळते आणि सगळ्या घराला मुंग्या लागतात.

चिपाड_आणि_धूर

रस गुऱ्हाळातून आणू नका, ताई. तुम्ही गडावर तीन तासांच्या वर फिरणार, गाडीत रस आंबणार, आणि आंबलेल्या रसाचा गूळ बसत नाही. नुसता चिकट गोळा होतो.

पुढच्या शनिवारी रसवंतीतून एक लिटर घ्या. बर्फ नाही, लिंबू नाही, आलं नाही, हे चरकात ऊस घालायच्या आधी सांगा. लिंबू महत्त्वाचं. आंबटानं उकळताना साखर मोडते आणि मग कितीही आटवा, काकवीच्या पुढं जात नाही. घरी आणून तासाभरात चढवा.

पंच्यातून गाळून पसरट, जाड बुडाच्या कढईत घ्या. कढई एक तृतीयांशाच्या वर भरू नका, फेस वर येतो. भेंडी दोन, उभ्या चिरून अर्धी वाटी पाण्यात चोळा आणि ते पाणी रस कोमट झाल्यावर घाला. चुना घरी घालू नका, प्रमाण चुकलं तर गूळ काळा आणि तुरट. मळी वर आली की आच मंद करून झाऱ्यानं काढा, तीन-चारदा. मग मध्यम आच. अर्ध्या-पाऊण तासात मोठे बुडबुडे येतील, तिथून पुढं आच अगदी मंद आणि हात थांबवायचा नाही. इथंच सगळ्यांचं बिघडतं. शेवटची पाच मिनिटं लक्ष हललं की बुडाला करपतं आणि सगळा गूळ कडवट होतो. वाटीभर थंड पाण्यात थेंब टाकत राहा. पसरला तर कच्चा, मऊ गोळी वळली की दोन मिनिटं अजून, टणक गोळी झाली की बंद. खाली उतरून जरा घोटा आणि तूप लावलेल्या वाटीत ओता.

लिटरभर रसातून दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम निघेल. ओतण्याचं काम मोठ्यांचं, थोरल्यानं पाण्यातली गोळी तपासायची. आणि आधी रसाचं, नंतर गुळाचं वजन करून घ्यायला सांगा. बाकीचं कुठं गेलं हे त्यानं स्वतः लिहावं.

सीबीएस_फलाट

हाच बेत गाडीशिवाय करणाऱ्यांसाठी. कोल्हापूरहून पन्हाळ्याला एसटी आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. बायकांना अर्धं, ६५ ते ७५ च्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या पुढं मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. पण एसटीनं गुऱ्हाळ आणि गड दोन्ही धरू नका, मधल्या थांब्यावर पोरांना घेऊन उन्हात ताटकळावं लागतं. एका रविवारी एकच.

पायताण

मी वर एक लिहायचं राहिलं. साडेचारपर्यंत शहरात पोचलात आणि पोरं जागी असली तर रंकाळ्यावर जा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो, मधे भेळेला वेळ आहे. पोरं झोपली असली तर गाडी सरळ घरी घ्या, उठवू नका.